एकच बिंदू तपासून अख्खी बाजू कशी काय रंगवतो आपण? (रेषीय असमानता आणि सीमारेषा)

पाटीपेन्सिल
लेक बारावी कॉमर्सला आहे. गणितात सध्या एलपीपी (लिनिअर प्रोग्रॅमिंग प्रॉब्लेम) चालू आहे, म्हणजे असमानतांचे आलेख काढायचे, सामाईक भाग रंगवायचा आणि कोपऱ्यांवर नफा तपासायचा. तिला ते भराभर जमतं. २क्ष + ३य ≤ १२ दिलं की (६, ०) आणि (०, ४) हे बिंदू काढते, पट्टीने रेघ मारते, (०, ०) घालून बघते, ० ≤ १२ खरं, म्हणून आरंभबिंदूकडची बाजू रंगवायची. पूर्ण गुण.

मी विचारलं, "तू तपासलास एकच बिंदू. त्या बाजूला तर अगणित आहेत. बाकीच्यांची खात्री कोणी केली?" उत्तर आलं, "पद्धतच तशी आहे, बाबा." तिच्या नोट्समध्येही पायऱ्या आहेत, कारण नाही.

माझं मत असं, की सीमारेषा म्हणजे नेमकं काय हे न सांगताच मुलांच्या हातात आपण रंगाची पेन्सिल देतो. इथे शिक्षक मंडळी बरीच आहेत म्हणून विचारतो:
एका बिंदूवरून अख्खी बाजू ठरते हे बारावीच्या मुलाला पटेल असं कसं सांगाल? आणि रेघ कधी सलग, कधी तुटक, हे नुसता नियम म्हणून न सांगता कसं समजवाल?

तळ्याकाठी
छान विषय. सतरंजी टाकून बसलोय, येऊ द्या.

गवतीचहा
पाटीपेन्सिल, मी सांगलीत शिकवायचो. वर्गात सांगायचो, सांगलीहून सांगलवाडीला जा, पण कृष्णा ओलांडायची नाही. पोरं हसायची. आयर्विन पुलावरून जा नाहीतर होडीतून जा, कृष्णा मध्ये येणारच.

आता २क्ष + ३य ची किंमत बघा. ती काही ठिकाणी १२ हून कमी आहे, काही ठिकाणी जास्त. कमीच्या बिंदूवरून निघून जास्तीच्या बिंदूवर पोचायचं तर वाटेत कुठेतरी ती बरोबर १२ व्हावीच लागते, कारण ती हळूहळू बदलते, मधले आकडे गाळून पुढे जात नाही. आणि बरोबर १२ ती कुठे होते? फक्त त्या रेघेवर. म्हणजे रेघ न ओलांडता जिथवर फिरता येतं तिथवरचे सगळे बिंदू एकाच पक्षाचे. त्यातला एक तपासला की सगळ्यांचं काम झालं.

मंदार_दे
गवतीचहा सर, उदाहरण आवडलं, पण एक आक्षेप. कृष्णा वळणं घेत जाते. एकाच काठावरची दोन गावं सरळ रेघेनं जोडली तर ती रेघ नदीला दोनदा छेदू शकते. सरळ सीमारेषेच्या बाबतीत असं कधीच होत नाही. एका बाजूचे कुठलेही दोन बिंदू घ्या, त्यांना जोडणारा रेषाखंड पूर्णपणे त्याच बाजूला राहतो. हा गुण नदीच्या उदाहरणात हरवतो.

गवतीचहा
मंदार, तुमचा मुद्दा बरोबर, पण तो या प्रश्नाला लागत नाही. काठ वाकडा असला तरी काठाकाठानं चालत दुसऱ्या गावाला जाता येतं की. चाचणीसाठी तेवढं पुरतं. म्हणूनच ती वर्तुळालाही चालते. क्ष² + य² < २५ घ्या, केंद्र तपासलं की आतला सगळा भाग आला आणि बाहेरचा एक बिंदू तपासला की बाहेरचा सगळा. तुम्ही म्हणता तो सरळपणा लागतो पुढे, नफा कोपऱ्यावरच का सापडतो हे सांगताना.

मंदार_दे
हे पटलं. दोन वेगळे गुण आहेत, एकसंध असणं (सीमा न ओलांडता कुठूनही कुठेही जाता येणं) आणि बहिर्वक्र असणं (सरळ रेषाखंडानंही जाता येणं). ते मी एकत्र धरले होते.

अक्षरवेल
नदीपर्यंत जायची गरजच नाही, आलेख कागदावरच दिसतं. माझी पद्धत सांगते.

मुलांना य = २ ही आडवी ओळ घ्यायला लावते. त्या ओळीवर क्ष = ०, १, २, ३, ४, ५ असे बिंदू मांडायचे आणि प्रत्येकाखाली पेन्सिलनं २क्ष + ३य ची किंमत लिहायची. ६, ८, १०, १२, १४, १६. एक घर उजवीकडे गेलं की दोननं वाढ, न चुकता. १२ येतं ते क्ष = ३ ला आणि रेघ नेमकी तिथूनच जाते. डावीकडे सगळे आकडे लहान, उजवीकडे सगळे मोठे. मग य = १ ची ओळ, मग य = ० ची. तिसऱ्या ओळीपर्यंत मुलं स्वतःच म्हणतात, "मॅडम, हे असंच होणार."

पुढची पायरी म्हणजे सारखे आकडे जोडायचे. सगळे १२ जोडले की आपली सीमारेषा, सगळे ६ जोडले की तिला समांतर दुसरी रेघ, सगळे १८ जोडले की तिसरी. अख्खा कागद समांतर रेघांनी भरतो आणि प्रत्येकीला तिचा आकडा असतो. २क्ष + ३य ≤ १२ म्हणजे ज्यांचा आकडा १२ किंवा त्याहून कमी अशा सगळ्या रेघा. बाजू का रंगवतो हे त्या क्षणी दिसतं. माझ्या अनुभवात यानंतर मुलं बाजू चुकत नाहीत.

पाटीपेन्सिल
अक्षरवेल, हे फार सुंदर आहे. आज रात्रीच करून बघतो.

विदर्भी
आमच्याकडे क्लासेसमधी एक शॉर्टकट चालते, 'लहान म्हणजे खाली, मोठं म्हणजे वर'. त्यानं पोट्टे पार गारद होतात राव. क्ष − २य < ४ घ्या. चिन्ह 'लहान'चं, म्हणून पोट्टं खालचा भाग रंगवते. रेघ (४, ०) आणि (०, −२) मधून जाते, आरंभबिंदू तिच्या वर आहे. ० < ४ खरं. म्हणजे वरचा भाग पाहिजे! यचा सहगुणक ऋण असला की शॉर्टकट उलटा होते.

निळी_सायकल
+१ विदर्भी. शॉर्टकट हवाच असेल तर आधी य एकटा करा. −२य < ४ − क्ष, आता −२ नं भागलं की चिन्ह फिरतं, य > (क्ष − ४)/२. आता 'मोठं म्हणजे वर' बिनचूक. पण चिन्ह फिरवायचं विसरणारा इथेही विसरणारच, त्यामुळे बिंदू घालून बघणं बरं.

विदर्भी
हो ना बाप्पा. आणि आरंभबिंदूच रेघेवर असला तर? य ≥ २क्ष मधी (०, ०) घातलं की ० ≥ ० येते, खरं आहे, पण बाजू काहीच समजत नाही, कारण तो बिंदू सीमेवरचाच. तिथं (१, ०) घ्या. ० ≥ २ खोटं, म्हणजे दुसरी बाजू. बोर्डाच्या पेपरात अशी रेघ मुद्दाम टाकतात.

घाटमाथा
सलग-तुटकबद्दल. मी व्यवहारातल्या नियमांपासून सुरुवात करतो. रेल्वेत ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. ज्या दिवशी ५ पूर्ण, त्या दिवसापासून तो त्या सवलतीत नाही. म्हणजे वय < ५, सीमा बाहेर. उलट मतदानाला १८ पूर्ण लागतात, वय ≥ १८, सीमा आत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारीला १०० ची मर्यादा आहे, बरोबर १०० नं जाणाऱ्याला दंड नाही. इथेही सीमा आत.

मुलांना विचारायचं, 'सीमेवर उभा असलेला माणूस चालेल का?' चालत असेल तर सलग, नसेल तर तुटक. रेघ दोन्ही वेळा काढायचीच असते, कारण भाग कुठे संपतो ते तीच सांगते. तुटक म्हणजे 'इथपर्यंत या, पण रेघ तुमची नाही'.

तळ्याकाठी
आमचा धाकटा अजून रेल्वेत 'तुटक रेषेच्या अलीकडे' आहे. त्याला पाचवं लागायच्या आत गावी एक चक्कर मारून येतो. :)

घाटमाथा
लवकर आरक्षण करा, सुट्टीत कोकणच्या गाड्यांना जागा मिळत नाही!

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इथे हा धडा शाळेतच, अल्जिब्रा १ मध्ये येतो. अर्धप्रतल (रेघेची एक बाजू) रंगवायचं आणि काटेकोर असमानता (बरोबरीचं चिन्ह नसलेली) असेल तर सीमा वगळायची, हे अभ्यासक्रमात स्पष्ट लिहिलेलं आहे. माझा मुलगा डेस्मॉसवर, म्हणजे आलेख काढणाऱ्या ॲपवर करतो. तिथे < टाइप केलं की रेघ आपोआप तुटक, ≤ केलं की सलग. य < क्ष + २ लिहून मग खाली = चं शेपूट जोडलं की बाकी काही हलत नाही, फक्त रेघ भरून येते. हा एवढाच बदल डोळ्यांसमोर होताना बघणं खूप शिकवून जातं. पाटीपेन्सिल, लेकीला फोनवर दाखवा, फुकट आहे.

अक्षरवेल
दाखवा, पण हातानं काढून झाल्यावर. आधीच दाखवलं की मुलं आकडे मांडायचा कंटाळा करतात.

एडिसनकर
इथे मी असहमत. माझ्या मुलाला आधी दिसलं, मग तो 'असं का' म्हणून आकडे मांडायला बसला. ज्याचं त्याचं वेगळं असावं.

लंडनची_वहिनी
एक गंमत. आमच्या इकडे बरेच शिक्षक नको असलेला भाग रंगवायला सांगतात आणि उरलेल्या कोऱ्या भागाला नाव द्यायला लावतात. सुरुवातीला मला ते उलटं वाटलं, पण पाच-सहा अटी एकत्र असल्या की फार सोयीचं. हवा तो भाग स्वच्छ राहतो. आपल्याकडे हवा तो भाग रंगवतात, मग चार रेघोट्या एकमेकींवर आल्या की सामाईक भाग कुठला हे शोधताना डोळे दुखतात.

निळी_सायकल
त्यावर उपाय आहे वहिनी. प्रत्येक रेघेवर फक्त हव्या त्या बाजूकडे दोन-तीन छोटे बाण काढायचे. सगळ्या अटी झाल्या की सगळे बाण जिथे आत बघतात तेवढाच भाग एकदा रंगवायचा. क्ष ≥ ०, य ≥ ० असेल तर पहिलं चरण सोडून बाकी विसरूनच जा.

सुगरण_कोल्हापूर
मला गणित फार येत नाही, पण हा प्रश्न आमच्या बचत गटात दर दिवाळीला पडतो, म्हणून लिहिते. चकली जास्त करायची की शेव? सोपे आकडे घेऊन मांडते, कोणीतरी आलेख करून दाखवा.

एक किलो चकली तळायला ३० मिनिटं, एक किलो शेव तळायला १५. कढई एकच, दिवसाचे ६०० मिनिटं चालते. मालाची पिशवी भरून शिवायला किलोमागे १० मिनिटं, दोन्हीला सारखीच, आणि त्या बाईकडे ३०० मिनिटं आहेत. चकलीत किलोमागे ८० रुपये सुटतात, शेवेत ५०. तळायला घेताना बायका म्हणतात, चकलीत जास्त सुटतात तर चकलीच करू. मला ते पटत नाही.

अक्षरवेल
सुगरणताई, तुमची शंका रास्त आहे. क्ष किलो चकली, य किलो शेव.
कढईची अट: ३०क्ष + १५य ≤ ६००, म्हणजे २क्ष + य ≤ ४०.
पिशव्यांची अट: १०क्ष + १०य ≤ ३००, म्हणजे क्ष + य ≤ ३०.
पहिली रेघ (२०, ०) आणि (०, ४०) मधून, दुसरी (३०, ०) आणि (०, ३०) मधून. दोन्ही (१०, २०) ला छेदतात. सामाईक भागाचे कोपरे: (०, ०), (२०, ०), (१०, २०), (०, ३०).
नफा: नुसती चकली १६००, नुसती शेव १५००, दहा किलो चकली आणि वीस किलो शेव १८००.

नुसती चकली केली तर कढई दिवसभर अडकते आणि पिशव्या भरणारी बाई शंभर मिनिटं मोकळी बसते. (१०, २०) ला दोघींचाही वेळ पुरेपूर वापरला जातो, कारण तो बिंदू दोन्ही सीमारेषांवर आहे.

सुगरण_कोल्हापूर
अगं बाई! हे मी गटात वाचून दाखवणार. पण कोपरेच का तपासायचे? मधला एखादा बिंदू जास्त देत नसेल कशावरून?

मंदार_दे
ताई, आतला कुठलाही बिंदू घ्या. तिथे कढई आणि बाई दोघांचाही थोडा वेळ उरलेला असतो, म्हणजे आणखी थोडी चकली करता येते आणि नफा वाढतो. असं वाढवत गेलात की सीमारेषेला जाऊन अडकता. मग सीमेच्या कडेकडेनं सरकायचं. एका दिशेनं नफा वाढतो, दुसऱ्या दिशेनं घटतो. वाढणारी दिशा धरली की पुढच्या कोपऱ्यावर पोचता.
८०क्ष + ५०य = १००० ही रेघ काढा, मग १५००, मग १८००. पट्टी समांतर सरकवत न्या. भागाला शेवटचा स्पर्श (१०, २०) ला होतो. चकलीचा नफा १०० असता तर ही पट्टी कढईच्या रेघेला समांतर झाली असती, (२०, ०) पासून (१०, २०) पर्यंत कुठेही २००० च मिळाले असते, आणि मग कडेवरचा कुठलाही बिंदू चालला असता.

पाटीपेन्सिल
इथे माझा दुसरा प्रश्न पुन्हा. पिशव्यांची अट ≤ ऐवजी नुसती < असती तर?

मंदार_दे
तर (१०, २०) हा बिंदूच भागातून गेला. त्याच्या हवं तितकं जवळ जाता येतं, १७९९ मिळेल, १७९९.९९ मिळेल, पण १८०० कधीच नाही आणि 'सर्वात जास्त नफा' असं उत्तरच उरत नाही. म्हणून एलपीपीत अटी नेहमी ≤ किंवा ≥ असतात, रेघा सलग. तुटक रेघेचा खरा अर्थ इथे कळतो. अर्थात ताई अख्ख्या किलोच्याच पिशव्या करणार असतील तर क्ष + य < ३० म्हणजेच क्ष + य ≤ २९, आणि उत्तर पुन्हा मिळतं.

घाटमाथा
या विषयाला फार मोठा इतिहास आहे. १९४५ मध्ये जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञानं ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषक घटक घेऊन एका माणसाचा वर्षाचा सर्वात स्वस्त आहार काढला. १९३९ च्या भावानं ३९.९३ डॉलर. प्रत्येक पोषक घटकाची एक असमानता, 'किमान इतकं हवंच'. १९४७ मध्ये अमेरिकन गणिती जॉर्ज डॅन्टझिगची सिम्प्लेक्स पद्धत (असे प्रश्न पायरीपायरीनं अचूक सोडवायची रीत) आली आणि त्याच गणितावर ती चालवून बघितली, उत्तर आलं ३९.६९ डॉलर. स्टिगलरचा अंदाज वर्षाला फक्त २४ सेंटनं चुकला होता!

सुगरण_कोल्हापूर
त्या माणसाला खायला काय दिलं पण?

घाटमाथा
गव्हाचं पीठ, डब्यातलं आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि सुका घेवडा.

सुगरण_कोल्हापूर
वर्षभर? चवीची एक असमानता घालायला हवी होती. तांबडा रस्सा ≥ आठवड्यातून एकदा.

विदर्भी
आमच्याकडून सावजीची पण एक लिहून घ्या. :))

निळी_सायकल
सिम्प्लेक्सचं नाव निघालं म्हणून. ती कोपऱ्यावरून शेजारच्या कोपऱ्यावर जाते, सीमा कधी सोडत नाही. चल जास्त झाले की कोपरे बेसुमार वाढतात. १९८४ मध्ये बेल लॅब्समध्ये असलेल्या नरेंद्र करमरकरांनी वेगळी वाट काढली, ते भागाच्या आतून चालत उत्तराकडे जातात. जन्म ग्वाल्हेरचा, शिक्षण आयआयटी मुंबईचं. आपल्या बारावीच्या मुलांना एलपीपी शिकवताना हे नाव सांगितलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. धड्याच्या शेवटी दोन ओळी आल्या तरी पोरांची मान ताठ होईल.

लंडनची_वहिनी
अनुमोदन. आणि < > ही चिन्हं छापली गेली ती थॉमस हॅरिएटच्या पुस्तकात, १६३१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. खाली 'बरोबर'ची रेघ जोडलेलं रूप १७३४ मध्ये फ्रेंच पिएर बुगेरनं वापरलं. म्हणजे सीमा आत की बाहेर हे एका चिन्हात सांगायला शंभर वर्षं जावी लागली.

प्रवासी_पक्षी
विमानाच्या हातातल्या बॅगेला लांबी + रुंदी + उंची ≤ ११५ सेंमी असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. यात तर तीन चल आहेत. मग सीमारेषा कुठे?

गवतीचहा
तिथे सीमा रेघ नसते, प्रतल असतं. अवकाशाचे दोन भाग होतात आणि चाचणीला पुन्हा एकच बिंदू पुरतो. ५५, ३५, २५ ची बॅग बरोबर सीमेवर, ११५. चिन्ह ≤ आहे म्हणून ती चालते.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. आकडे मांडायचा प्रयोग केला. य = २ ची ओळ भरून झाली तेव्हा लेक म्हणाली, "म्हणजे रेघ म्हणजे सगळ्या १२ ची रांग." य = १ च्या ओळीत १२ साडेचारवर येतं हे तिनंच शोधलं. मग तिनं मला उलटं विचारलं आणि मी इथे आणतोय. य ≤ क्ष + २ आणि क्ष + य < ६, दोन्ही चल शून्य किंवा जास्त. एक रेघ सलग, एक तुटक. दोन्ही जिथे भेटतात तो कोपरा भागात धरायचा का?

अक्षरवेल
फार छान प्रश्न. रेघा (२, ४) ला भेटतात. ४ ≤ ४ खरं, पण ६ < ६ खोटं. भागात यायला सगळ्या अटी पाळाव्या लागतात, म्हणून तो बाहेर. तिथे पोकळ टिंब काढायला सांगा. आता बाकीचे तीन कोपरे तिलाच तपासू द्या.

पाटीपेन्सिल
तपासले तिनं. (०, ०) आणि (०, २) आत, (६, ०) बाहेर, त्यालाही पोकळ टिंब.

विदर्भी
शंभर टक्के बरोबर. आता तिला नफा ५क्ष + २य देऊन विचारा, कमाल किती?

पाटीपेन्सिल
विचारलं. (६, ०) ला ३० आले असते, पण तो बिंदू आपला नाही, म्हणून कमाल नाही, असं उत्तर आलंय.